बेंझोइक ॲसिड रवाळ न येता मैद्यासारखं येतंय? आरपीएम वाढवण्याआधी ॲसिडची नळी कुठे सुटते ते बघा

तक्रार ठरलेली असते. प्रयोगशाळेत एक लिटरच्या भांड्यात सोडियम बेंझोएटच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडलं की रवाळ, चमकदार स्फटिक पडतात आणि दहा मिनिटांत गाळून होतात. तीच कृती २ केएलच्या (२००० लिटर) ग्लास लाइन्ड, म्हणजे आतून काचेचं अस्तर असलेल्या रिॲक्टरमध्ये केली की हाती मैदा येतो. नच फिल्टरवर, म्हणजे भांड्यातल्या मोठ्या गाळणीवर, तीन तासांचं गाळण रात्रभर चालतं. केकला, म्हणजे गाळणीवर साचलेल्या मालाच्या थराला, तडे जातात, धुण्याचं पाणी त्या तड्यांतून सरळ खाली उतरतं, क्लोराइड मर्यादेबाहेर राहतं आणि ड्रायरमधून ढेकळं निघतात. मग शिफ्टमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘आरपीएम वाढवा.’ एक बॅच सुधारते, पुढची पुन्हा बिघडते. तारापूर असो, लोटे असो की कुरकुंभ, आम्लाने स्फटिक पाडायची कुठलीही प्रक्रिया असली की हे दुखणं कधी ना कधी निघतंच.

पुढचे सगळे आकडे एकाच बॅचचे धरले आहेत, म्हणजे पडताळायला सोपं जाईल. सोडियम बेंझोएट १४४ किलो, म्हणजे १००० मोल, पाण्यात विरघळवून एकूण १४०० लिटर. १० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड ३६५ किलो, म्हणजे सुमारे ३५० लिटर. शेवटी भांड्यात १७५० लिटर स्लरी (स्फटिक मिसळलेला द्रव) आणि हिशोबाने १२२ किलो बेंझोइक ॲसिड. भांड्याचा व्यास १.४ मीटर. ढवळणी चार पात्यांची, ४५ अंशात वळवलेली, ०.७ मीटर व्यासाची, ८० आरपीएम. तुमचा पदार्थ वेगळा असेल तर विद्राव्यतेचे आकडे बदला, रीत तीच राहते.

आधी सूक्ष्मदर्शक, मग पाना

काहीही बदलायच्या आधी स्लरीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दहा पटीचं ऑब्जेक्टिव्ह पुरे. एक सावधगिरी मात्र पाळा. गरम स्लरीचा थेंब थंड काचेवर टाकला की तिथल्या तिथे नव्या सुया उगवतात आणि ‘फाइन्स (बारीक कण) फार आहेत’ असा खोटा निष्कर्ष निघतो. काच स्लरीच्या तापमानाइतकी गरम करून घ्या आणि अर्ध्या मिनिटात बघून मोकळे व्हा. लेझरवर कणमाप करायचं असेल तर नमुना साध्या पाण्यात पातळ करू नका. बेंझोइक ॲसिडने आधीच संपृक्त केलेलं, गाळलेलं पाणी वापरा. साध्या पाण्यात सगळ्यात बारीक कण आधी विरघळतात आणि अहवाल खऱ्यापेक्षा गोजिरा येतो.

काचेखाली तीनपैकी एक चित्र दिसतं. सगळे कण सारखेच बारीक, पण कडा धारदार आणि अखंड असतील, तर एकाच वेळी असंख्य स्फटिकांनी जन्म घेतलाय आणि वाढायला प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडा माल आलाय. मोठे स्फटिक आहेत, पण कोपरे तुटलेले आणि भोवती चुरा, तर ती तोडफोड आहे. ढवळणी किंवा स्लरीचा पंप माल दळतोय. तिसरं चित्र फुलासारख्या गुंत्यांचं. बारीक पाती एकमेकांना चिकटून गोळे झालेत. क्लोराइड धुऊन जात नाही अशी तक्रार असेल तेव्हा बहुतेक वेळा हेच दिसतं, कारण मदर लिकर (स्फटिकांभोवती उरलेला द्रव) गोळ्याच्या पोटात अडकलेलं असतं. पहिलं आणि तिसरं चित्र हा मिश्रणाचा आजार आहे आणि पुढचं बरंचसं लिखाण त्याच्यासाठी आहे. दुसऱ्या चित्रावर आरपीएम वाढवणं म्हणजे आगीत तेल.

थेंब पडतो तिथे काय होतं

२५ अंशांना पाण्यात बेंझोइक ॲसिड लिटरला ३.४४ ग्रॅम विरघळतं. आता भांड्यातलं ०.७१ मोलरचं बेंझोएट आणि, आपल्या १० टक्क्यांऐवजी, ३० टक्क्यांचं ॲसिड, म्हणजे साधारण ९.४५ मोलर, जिथे बरोबरीच्या प्रमाणात एकमेकांना भिडतात त्या चिमूटभर जागेचा विचार करा. तिथे क्षणभर लिटरला ८१ ग्रॅम बेंझोइक ॲसिड तयार होतं. म्हणजे संपृक्ततेच्या साडेतेवीस पट. भांड्याची सरासरी अतिसंपृक्तता (विरघळू शकतं त्याच्या किती पट माल द्रवात आहे) त्या वेळी जेमतेम एकच्या वर असते आणि पीएच मीटरही तेच सांगतो. पण नव्या स्फटिकांचा जन्म सरासरीवर ठरत नाही, त्या चिमूटभर जागेवर ठरतो.

आणि जन्म व वाढ यांचं गणित सारखं नाही, खरी गोम इथेच आहे. अतिसंपृक्तता दुप्पट झाली तर असलेल्या स्फटिकांची वाढ दुपटीच्या, फार तर चौपटीच्या आसपास वाढते. नव्या स्फटिकांचा जन्मदर मात्र कित्येक पटींनी, घातांकी रीतीने उसळतो. त्यामुळे उच्च अतिसंपृक्ततेचा एक छोटा ढग जितका वेळ टिकेल तितका वेळ तो बीजांचा पाऊस पाडत राहतो. ढग लवकर विरला तर तयार झालेलं बेंझोइक ॲसिड आधीच्या स्फटिकांवर बसतं आणि माल रवाळ होतो. तुपाचंही असंच आहे. हळू निवू दिलं तर रवाळ, फ्रीजमध्ये झटक्यात घातलं तर गुळगुळीत. फरक इतकाच, की इथे थंड होण्याऐवजी आम्लाचा थेंब विरण्याला किती वेळ लागतो ते बघायचं.

हा थेंब विरतो तीन पायऱ्यांत. आधी भांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरणं. मग नळीतून सुटणारी आम्लाची धार आजूबाजूच्या द्रवात फाटून तिचे तुकडे होणं. आणि शेवटी अगदी सूक्ष्म भोवऱ्यांत आम्ल आणि बेंझोएट रेणूंच्या पातळीला मिसळणं. शेवटच्या पायरीला लागणारा वेळ द्रवाची श्यानता आणि तिथे खर्च होणारी ऊर्जा यांच्यावर ठरतो. पाण्यासारख्या द्रवात किलोला १ वॅट ऊर्जा असेल तर सुमारे १७ मिलिसेकंद. ऊर्जा चौपट केली की वेळ निम्मा होतो, कारण नातं वर्गमुळाचं आहे.

नळी हलवणं विरुद्ध आरपीएम वाढवणं

आता आपल्या भांड्याचा हिशोब. ८० आरपीएमला ही ढवळणी साधारण ५२० वॅट द्रवात ओतते, म्हणजे किलोला ०.२९ वॅट. सूक्ष्म मिश्रणाचा सरासरी वेळ ३२ मिलिसेकंद. पण सरासरी पुन्हा फसवते. पात्यांच्या टोकाशी ऊर्जा सरासरीच्या दहापट सहज असते, तर वर पृष्ठभागाजवळ दहाव्या हिश्शाइतकी. म्हणजे पात्यांजवळ १० मिलिसेकंद आणि पृष्ठभागाला १०० मिलिसेकंद.

आरपीएम ८० वरून १०० केले तर शक्ती घनाच्या नात्याने वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट. सूक्ष्म मिश्रणाचा वेळ त्यामुळे ३० टक्क्यांनीसुद्धा कमी होत नाही. वर पडणारी ॲसिडची धार मात्र डिप पाइपने, म्हणजे द्रवात बुडवलेल्या नळीने, पात्यांच्या झोतात नेली तर तोच वेळ दहापट घटतो. मोटरवर भार नाही, स्फटिकांची तोडफोड नाही, खर्च एका नळीचा. इतकं स्वस्तातलं औषध हाताशी असताना सगळे आधी व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) बटणाकडेच का धावतात, हे कोडंच आहे.

बेंझोइक ॲसिडवर हे प्रयोग पूर्वीच झाले आहेत. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात आस्लुंड आणि रासमुसन यांनी १९९२ साली नेमकी हीच प्रक्रिया, बेंझोएटमध्ये हळूहळू हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडण्याची, तपासली. ढवळण्याचा वेग वाढवला तसा स्फटिकांचा आकार आधी वाढला, एका टोकाला पोचला आणि मग घसरला. नळी पात्यांच्या झोताजवळ नेली आणि भर हळू केली की आकार वाढला. आरपीएम वाढवून एक बॅच सुधारते आणि दुसरी बिघडते त्याचं उत्तर त्या चढउतारात आहे. तुम्ही टेकडीच्या कुठल्या बाजूला उभे आहात हे माहीत नसताना पाऊल टाकलं, तर ते वर जाईल की खाली, ते नशीब.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘जोरात ढवळलं की स्फटिक बारीक होतात’ हे वाक्य तुम्ही वाचलेलं असेल आणि ते खोटंही नाही. ते दुसऱ्या प्रकारच्या प्रक्रियेला लागू होतं. ०.१ मोलर बेरियम क्लोराइड आणि ०.१ मोलर सोडियम सल्फेट टी आकाराच्या नळीत समोरासमोर आदळवले की मिश्रणात दोघांचे आयन ०.०५ मोलर राहतात. बेरियम सल्फेटची संपृक्तता मात्र ०.००००१ मोलरच्या आसपास. नुसत्या भागाकाराने पाच हजार पट, आयनांची परस्पर ओढ हिशोबात धरली तरी हजाराच्या घरात. तिथे दोन्ही द्रव एकाच वेळी पूर्ण भेटतात. मिश्रण जितकं झटपट, तितकी जास्त अतिसंपृक्तता सगळीकडे एकसारखी उभी राहते आणि कण बारीक, एका मापाचे येतात. आपल्याकडे भांडं भरलेलं आहे आणि त्यात थोडं थोडं आम्ल येतंय. इथे झटपट मिश्रण म्हणजे ढग लवकर विरणं, म्हणजे कमी बीजं, म्हणजे मोठे स्फटिक. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नका.

प्रयोगशाळेत जमलं ते प्लांटमध्ये का जमत नाही

एक लिटरच्या भांड्यात, ५ सेंमीची तशीच ढवळणी ४०० आरपीएमला फिरते तेव्हा किलोला ०.१५ वॅट जातात. म्हणजे ऊर्जेत प्लांट मागे नाही, उलट पुढेच आहे. मग घोडं अडतं कुठे? भांडंभर पसरायला प्रयोगशाळेत ३ सेकंद लागतात, प्लांटमध्ये १४ ते १५ सेकंद. भांडं मोठं झालं की हा वेळ वाढणारच, तेवढीच ऊर्जा ठेवून तो टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. बॅच २००० पटीने मोठी केली आणि भरण्याचा वेळ तोच, समजा दोन तास, ठेवला, तर नळीतून येणारं आम्ल २००० पट झालं. ढवळणी मिनिटाला जेवढा द्रव आपल्यासमोरून ढकलते तो मात्र ५५० पटच वाढला. म्हणजे ढवळणीच्या तोंडासमोर आलेल्या प्रत्येक लिटरला साडेतीनपट जास्त आम्ल सोसावं लागतं. धार फाटायच्या आत मागून नवी धार येते. म्हणून बॅच कार्डावर प्रयोगशाळेतला भरण्याचा वेळ जसाच्या तसा उतरवू नका. दीड तास असेल तर प्लांटला पाच तास धरा, किंवा आम्ल दोन नळ्यांतून द्या.

गुन्हेगार नक्की मिश्रणच आहे का, हे ठरवणारी चाचणी

प्लांट थांबवण्याआधी दोन दिवस प्रयोगशाळेत घालवा. जॅकेटचं (तापमान राखणाऱ्या बाहेरच्या आवरणाचं) एक लिटरचं भांडं, चार बॅफल (द्रवाचं गोल फिरणं मोडणाऱ्या उभ्या पट्ट्या), वर सांगितलेली ढवळणी. मॅग्नेटिक बीड नको, तो तळाशी स्फटिक दळतो आणि सगळी चाचणी वाया जाते. सोडियम बेंझोएट ७२ ग्रॅम, एकूण ७०० मिलिलिटर. १० टक्के ॲसिड १८२ ग्रॅम, सिरिंज पंपाने. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिल्या फेरीत फक्त वेग: २००, ४००, ६०० आरपीएम. दुसरीत फक्त भरण्याचा वेळ: १, २ आणि ४ तास. तिसरीत फक्त जागा: पृष्ठभागावर आणि पात्याच्या टोकापासून १ सेंमीवर.

वेग बदलून काहीच फरक पडला नाही तर मिश्रणाला दोष देणं सोडा. तापमान, सीडिंग (तयार स्फटिकांचं बीज टाकणं) आणि अशुद्धींकडे वळा. जागा बदलून फरक पडला तर प्लांटला डिप पाइप लागणार हे नक्की. वेगाने फरक पडला आणि भरण्याचा वेळ वाढवूनही आकार वाढला, तर आम्लाची धार फाटण्यातच अडचण आहे, आणि तिथे दोन नळ्या किंवा जास्त वेळ हाच उपाय. ६०० ला आकार ४०० पेक्षा कमी आला तर टेकडीचं शिखर तुम्ही ओलांडलंय.

प्रत्येक फेरीनंतर गाळणाचा वेळ घ्या. ५०० मिलिलिटर स्लरी, तोच बुखनर (गाळणीचं नरसाळं), तोच कागद, ४०० मिमी पाऱ्याचा व्हॅक्यूम, आणि दर ५० मिलिलिटर फिल्ट्रेटला घड्याळ. वेळेला घनफळाने भागून येणारा आकडा घनफळासमोर मांडला की सरळ रेष येते. तिचा चढ म्हणजे केकचा अडथळा. कण निम्मे झाले की हा अडथळा साधारण चौपट होतो. तीन तासांचं गाळण बारा तासांवर का गेलं, ते असं कळतं.

दुरुस्ती

डिप पाइप. तोंड पात्यांच्या उंचीला, टोकापासून ५ ते ८ सेंमी बाहेर, जिथे झोत निघतो तिथे. शाफ्टजवळ नको आणि भिंतीजवळ तर नकोच. नळी पीटीएफई (टेफ्लॉन) लाइन्ड. स्टेनलेस स्टील ३१६ गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टिकत नाही. नळीला आधार द्या, नाहीतर झोताने ती हलते आणि काचेच्या अस्तराला लागते. अस्तराची दुरुस्ती नळीच्या किमतीत होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

नळीचं भोक. इथे हमखास चूक होते. रिॲक्टरला असलेली एक इंची नळी तशीच खाली सोडली जाते. चार तासांत ३५० लिटर म्हणजे सेकंदाला २४ मिलिलिटर. २५ मिमी भोकातून त्याचा वेग सेकंदाला फक्त ५ सेंमी. एवढ्या संथ धारेत भांड्यातलं बेंझोएट उलट नळीत शिरतं, तिथेच स्फटिक पडतात आणि तासाभरात नळी बंद. मग ऑपरेटर ‘डिप पाइप चालत नाही’ म्हणून पुन्हा वरून ॲसिड सोडतो, आणि त्याचं काही चुकत नाही. टोकाला ५ मिमी भोकाचा पीटीएफईचा तुकडा बसवा. वेग सेकंदाला १.२ मीटरच्या आसपास जातो आणि परतीचा रस्ता बंद होतो. भर मध्येच थांबवायची असेल तर नळीतलं आम्ल थोड्या पाण्याने पुढे ढकलून मगच थांबवा.

पंप. वरच्या मेझरिंग टँकमधून व्हॉल्व्हने सोडलेलं ॲसिड टाकी भरलेली असताना जोरात येतं आणि पातळी उतरली की मंदावतं. आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. सुरुवातीला भांड्यात बेंझोएट सगळ्यात जास्त आणि स्फटिकांचा पृष्ठभाग सगळ्यात कमी असतो, म्हणून सावकाशी तेव्हाच हवी. डायफ्रॅम मीटरिंग पंप लावा, पण पल्सेशन डॅम्पनर (पंपाचे ठोके सौम्य करणारा भाग) लावल्याशिवाय नको. नाहीतर प्रत्येक ठोक्याला एक गचका आम्ल पडतं आणि सरासरी प्रवाह बरोबर असूनही माल बारीक येतो.

तापमान. सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि त्याकडेच कमी लक्ष जातं. ॲसिड ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं तर त्या भिडण्याच्या जागेचा कमाल आकडा ८१ वरून ७० ग्रॅमवर येतो, म्हणजे २५ अंशांना साडेतेवीस पटीची वीस पट. चांगलं आहे, पण फार नाही. (१० टक्क्यांचा खरा फायदा दुसरा आहे. वाफा कमी आणि धार जास्त पातळ.) बेंझोइक ॲसिडची विद्राव्यता मात्र ४० अंशांना ५.५ ग्रॅम आणि ७५ अंशांना २१.४५ ग्रॅम होते. तेच ७० ग्रॅम ७५ अंशांना फक्त सव्वातीन पट ठरतात. वीसवरून सव्वातीनवर! याहून वर मात्र जाऊ नका. उकळीच्या जवळ बेंझोइक ॲसिड पाण्याखाली तेलासारखं वेगळं होतं आणि थंड झाल्यावर दगड बनतं.

७५ अंशांना आणखी एक सोय होते. एकूण आम्लापैकी जवळपास चौथा हिस्सा जाईपर्यंत भांडं संपृक्त होतच नाही. नळीच्या तोंडाशी चुकून पडलेले बारीक स्फटिक पुढे जाऊन विरघळतात. २५ अंशांना हीच मुभा फक्त ४ टक्क्यांपर्यंत असते. ढोबळ हिशोबाने स्फटिक धरायचा पीएच २५ अंशांना साडेपाचच्या आसपास, ७५ अंशांना ४.७ च्या आसपास.

भरण्याचा क्रम

१. द्रावण गाळून ७५ अंशांवर आणा. बेंझोएट बनवताना सोडा ॲश जास्त पडला असेल तर पहिल्या आम्लाबरोबर फेस उसळतो, त्यासाठी वर जागा ठेवा.

२. पहिलं ८७ लिटर ॲसिड ४० मिनिटांत. भांडं स्वच्छ दिसायला हवं. नळीजवळ धुरकट पट्टा दिसून विरत असेल तर चालेल. विरत नसेल तर नळी चुकीच्या जागी आहे.

३. आणखी ८ ते १० लिटर, किंचित गढूळ होण्याच्या उंबरठ्यापर्यंत. मग सीडिंग: आधीच्या चांगल्या बॅचचा दीड ते दोन किलो माल, संपृक्त पाण्यात कालवून. कोरडी पूड टाकलीत तर ती ओली न होता वर तरंगते. ३० मिनिटं ॲसिड बंद. बीज विरघळून गेलं तर अजून २ लिटर ॲसिड द्या आणि पुन्हा सीड टाका.

४. पुढचे ३५ लिटर एका तासात. संयम लागतो तो याच तासाला.

५. पुढचे ८७ लिटर सव्वा तासात.

६. उरलेले साधारण १३० लिटर सव्वा तासात, पीएच २.२ पर्यंत. शेवटच्या टप्प्यात पीएच अचानक कोसळतो, म्हणून शेवटचे १५ लिटर हाताने, बेताने.

७. थंड करणं. ७५ अंशांना मदर लिकरमध्ये अजून ३७ किलो माल विरघळलेला असतो, तो आता बसवायचाय. ७५ ते ६० दीड तासात, ६० ते ४५ एका तासात, ४५ ते ३० पाऊण तासात. जॅकेट आणि स्लरीत १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. एकदम थंड पाणी सोडलं की भिंतीवर पापुद्रा धरतो आणि आतापर्यंत टाळलेले फाइन्स शेवटच्या तासात तयार होतात.

धुलाई १० ते १५ अंशांच्या पाण्याने, दोनदा १२० लिटर. विरघळून जाणारा माल किलोभराच्या आत राहतो. केक चांगला असेल तर दुसऱ्या धुलाईच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट (क्लोराइडची चाचणी) टाकल्यावर नाममात्र गढूळपणा येतो.

एवढं करूनही बिघडलं तर

पीएचवर चालणारं ऑटो डोझिंग असेल तर आधी तेच बंद करून बघा. भांडं एकजीव व्हायला १५ सेकंद, प्रोबवर बसलेल्या पापुद्र्याचा उशीर वेगळा. तोवर कंट्रोलर ‘पीएच अजून उतरला नाही’ समजून आम्ल ढकलत राहतो. या प्रक्रियेला ठरलेला प्रवाह द्या, पीएच फक्त देखरेखीला ठेवा.

बेंझोइक ॲसिडचा स्वभाव पाण्याला दूर ठेवण्याचा. पातळी कमी असताना आरपीएम जास्त ठेवले की भोवरा हवा ओढतो, स्फटिकांना बुडबुडे चिकटतात आणि वर जाड साय जमते. वरून ॲसिड पडत असेल तर ते त्या सायीतच अडकतं, खाली पोचतच नाही. असा सायीचा थर दिसला तर वेग कमी करा आणि बॅफलची बैठक तपासा. ग्लास लाइन्ड भांड्यात बहुतेक वेळा एकच बॅफल असतो आणि तो फिरून झोताच्या दिशेने झाला की सगळा द्रव थाळीसारखा गोल फिरत बसतो. असं झालं की वर धरलेले ऊर्जेचे आकडेही लागू पडत नाहीत.

चुरा दिसत असेल तर आधी स्लरी हलवणारा सेंट्रिफ्युगल पंप बघा. रिॲक्टरमध्ये रवा आणि फिल्टरवर मैदा, असं असेल तर दोन्ही ठिकाणचे नमुने शेजारी ठेवले की वाद मिटतो. गुरुत्वाने किंवा नायट्रोजनच्या हलक्या दाबाने माल उतरवा.

आणि व्हेंट लाइन, म्हणजे भांड्यातली वाफ बाहेर सोडणारी नळी. गरम पाण्याच्या वाफेबरोबर बेंझोइक ॲसिड वर जातं आणि थंड व्हेंटमध्ये पांढऱ्या सुया होऊन बसतं. दर चार-पाच बॅचेसनंतर व्हेंट उघडून बघा. व्हेंट तुंबलेला असताना भांड्यात आम्ल ढकलत राहणं हा माल बिघडण्याचा नाही, अपघाताचा प्रश्न आहे.

आत्ता फिल्टरवर येऊ घातलेली, मैदा झालेली बॅच हातात असेल तर ती फिल्टरवर घेऊ नका. मदर लिकरसकट ७५ अंशांवर न्या आणि अर्धा तास ढवळा. १२२ किलोपैकी साधारण ३० टक्के माल विरघळतो, आणि त्यात बारीक कण आधी जातात. मग वरच्याच वेळापत्रकाने ३० अंशांपर्यंत आणा. हा फेरा दोन-तीन वेळा केला की पुष्कळ फाइन्स मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतात. एका फेऱ्याला चार-पाच तास जातात, पण रात्रभर तुंबलेल्या फिल्टरपुढे ते स्वस्तच पडतात. दुसऱ्या फेऱ्यानंतर ५०० मिलिलिटरची बुखनर चाचणी घ्या, आणि तिसरा फेरा करायचा की नाही ते त्या आकड्यावर ठरवा.